ताराबाईंची भीती

ताराबाई शिंदे यांच्या पुस्तकाचे नाव आपण अर्धेच घेतो. 'स्त्रीपुरुषतुलना' एवढे म्हणून थांबतो. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून हे पुस्तक बाहेर पडले तेव्हा त्या नावाला पुढे शेपूट होते: अथवा स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण हे स्पष्ट करून दाखविण्याकरिता हा निबंध. नावाचा हा दुसरा भाग चर्चेतून गळाला आणि त्याच्याबरोबर 'साहसी' हा शब्दही गळाला. माझ्या वाचनाप्रमाणे पुस्तकाचे मर्म त्याच शब्दात आहे.

आज 'साहसी' म्हटले की गडकोट चढणारी, पुरात उडी घेणारी माणसे डोळ्यांपुढे येतात. ताराबाईंच्या काळी या शब्दाला दुसरी, काळी बाजू होती. धर्मशास्त्रात 'साहस' म्हणजे बळजोरीने केलेला गुन्हा. याज्ञवल्क्यस्मृतीत 'साहस' नावाचे स्वतंत्र प्रकरणच आहे आणि त्यात विषय येतो तो अपराधांचा व दंडाचा. संस्कृत सुभाषितांनी स्त्रीच्या जन्मजात दोषांची जी यादी पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतली, तिच्यात खोटेपणाच्या शेजारी साहस बसलेले आहे. भर्तृहरीच्या शृंगारशतकात तर स्त्री हे साहसांचे नगर ठरते. घरगुती मराठीतही 'भलतं साहस करू नकोस' या वाक्यात कौतुक नसते, धाक असतो.

म्हणजे ताराबाईंच्या शीर्षकातला प्रश्न 'शूर कोण' असा नाही. मर्यादा मोडणारा, अविचारी, अपराधी कोण, असा तो आहे. शेकडो वर्षे बाईच्या दारात टाकलेला आरोप त्यांनी उचलला आणि त्याचा खरा पत्ता कोणता, हे विचारले. गंमत अशी की शब्दाचा अर्थ पुढच्या शंभर वर्षांत बदलला आणि आता तेच शीर्षक वाचणाऱ्याला वाटते, बाईंनी धाडसाची स्पर्धाच लावली आहे. हा बदल शब्दापुरता राहिला असता तर बिघडत नव्हते. पण त्याबरोबर लेखिकेची मूर्तीही बदलली. आज सभासमारंभांतून ताराबाई भेटतात त्या निर्भय, बंडखोर, ज्वालाग्राही वगैरे. पुस्तक उघडून पहिली दोन-तीन पाने वाचली तर भेटते ती एक घाबरलेली बाई. प्रस्तुत लेख त्या घाबरलेल्या बाईविषयी आहे.

आधी जागेविषयी. मी हे वाशीम जिल्ह्यातून लिहितो आहे. रिसोड ओलांडून मेहकर-लोणारकडे निघाले की ताराबाईंचा बुलढाणा जिल्हा सुरू होतो. त्यांच्या काळी वाशीम आणि बुलढाणा हे दोन्ही वऱ्हाडातले जिल्हे होते. निजामाचा हा मुलूख १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून अकोल्यात विलीन झाला आणि १९९८ च्या १ जुलैला पुन्हा उभा राहिला. आमच्याकडे साहित्याची गोष्ट निघाली की ती वत्सगुल्मापासून सुरू होते. वाशीमचे हे जुने नाव. राजशेखराच्या काव्यमीमांसेत रुसलेल्या काव्यपुरुषाला वळवायला गौरीने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली. ती देशोदेशी त्याच्यामागे फिरली आणि अखेर इथे, वत्सगुल्मात, त्यांचे गांधर्वविधीने लग्न लागले. या कथेचा आम्हाला अभिमान आहे आणि तो असावाही. मात्र कथेतल्या वधूचे काम काय, तर रुसलेल्याची समजूत काढणे. त्याच वैदर्भी भूमीत हजारभर वर्षांनी एका बाईने समजूत काढायचे सोडून जाब विचारला. ते पुस्तक आमच्या अभिमानाच्या यादीत फार उशिरा आले.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमाराचा. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सुधारकी विचारांचे होते. गावात मुलींची शाळा नाही, म्हणून लेकीला मराठी, संस्कृत, इंग्रजी घरीच शिकवले. लग्न लहानपणीच झाले. नवरा घरजावई म्हणून आला. मूलबाळ झाले नाही. सत्यशोधक समाजाशी या घराचा संबंध होता. बाहेरून पाहिले तर इतर बायकांच्या मानाने हे मोकळे घर. तरीही त्या काळच्या मराठा घरातल्या बाईचा उंबरठा तो उंबरठाच.

पुस्तकाला निमित्त झाले सुरतचे. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला दिवस गेले. लोक काय म्हणतील, जात काय करील, या भीतीने तिने जन्मलेले मूल मारले. १८८१ मध्ये खटला चालला आणि फाशीची शिक्षा झाली. अपिलात तिचे काळे पाणी झाले आणि पुढे शिक्षा आणखी कमी होऊन पाच वर्षांवर आली. वर्तमानपत्रांना विषय मिळाला. पुण्याच्या 'पुणेवैभव'ने हे निमित्त करून एकंदर स्त्रीजातीवरच चिखल उडवला. त्याला बुलढाण्याहून उत्तर गेले, ते म्हणजे हे पुस्तक. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

आता प्रस्तावना. ताराबाई तिथे सांगतात की हा आपला पहिलाच लेखनप्रयत्न आहे, आपण मंदबुद्धीची, पराधीन बाई आहोत, मराठ्याच्या घरात बंदिस्त आहोत. भाषा कडक झाली असेल, हेही त्या आधीच कबूल करतात. आणि हे लिहिताना आपण कोणा एका जातीकडे वा कुळाकडे पाहिलेले नाही, ही केवळ स्त्री आणि पुरुष यांची तुलना आहे, असा खुलासा करतात.

या मजकुराचे दोन प्रकारे वाचन होते. पहिला वाचक त्याला संकेत समजतो. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ग्रंथांना अशी विनम्र प्रस्तावना लागतच असे. अल्पमती लेखक विद्वज्जनांना विनंती करीत असे की हंसक्षीरन्यायाने गुण घ्यावेत, दोष सोडावेत. दुसरा वाचक त्यात डावपेच पाहतो. आधी मान खाली घालायची आणि मग घाव घालायचा. दोन्ही वाचनांत एक गोष्ट सारखी आहे. ती म्हणजे प्रस्तावनेतली भीती खरी नाही, हे दोन्ही वाचक गृहीत धरतात.

पुरुष ग्रंथकारांच्या विनम्रतेशी ताडून पाहिले की फरक दिसतो. त्या लेखकाला आपली विद्या कमी पडेल याची काळजी असते. त्याचा वाचक पंडित असतो आणि फार तर तो चुका काढील. ताराबाईंच्या मजकुरात काळजी विद्येपेक्षा जागेची आहे. बंदिस्त घर, पराधीनता, बाहेरचे जग न पाहिलेले असणे: ही तिच्या परिस्थितीची नोंद आहे. 'मी अल्पमती' असे म्हणणाऱ्या पंडिताला पुस्तक छापल्यानंतर घरी जायला भय नसते. बाईला छापील पुस्तक आणि घर यांच्यामध्ये उभे राहावे लागते. म्हणून मी ही प्रस्तावना संकेत म्हणून वाचत नाही. लेखिकेने पाऊल टाकण्याआधी जमीन चाचपून पाहिली, तो हा हिशेब आहे.

या हिशेबातले शेवटचे कलम विशेष पाहण्यासारखे आहे. कोणत्याही जातीकुळावर रोख नाही, हा खुलासा उघडच भीतीतून आला आहे. सुरतची विधवा ब्राह्मण, लेखिका मराठा, आणि वऱ्हाड-पुण्यात जातीजातींचे वाद पेटलेले. ब्राह्मणेतर बाईने ब्राह्मणांच्या चालीवर लिहिले, एवढे म्हणून पुस्तक झटकून टाकता आले असते. तो आळ येऊ नये म्हणून हे वाक्य. पण त्याचा परिणाम काय झाला? प्रश्न एका जातीच्या विधवांपुरता उरला नाही. स्वतःला वाचवण्यासाठी केलेल्या खुलाशाने विषय सगळ्या स्त्रिया आणि सगळे पुरुष इतका रुंद झाला. विधवाविवाहावर त्या आधी पुष्कळ पुरुषांनी लिहिले होते. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे आहे, आणि पुनर्विवाहाचा कायदा त्याच्याही आधीचा, १८५६ चा. त्या लेखनात विधवा हा सोडवायचा प्रश्न होता. ताराबाईंनी पुरुष हाच प्रश्न केला. त्या रुंदीची पहिली वीट भीतीने रचली आहे.

प्रस्तावना संपते आणि आवाज चढतो. तो कसा चढतो, हे टप्प्याटप्प्याने पाहता येते. ताराबाई आरंभी थेट पुरुषांवर येत नाहीत. आधी देवाला विचारतात. ज्याने स्त्री आणि पुरुष दोघे घडवले त्याच्याकडेच दाद मागतात. घरातल्या मोठ्या माणसापुढे तोंड उघडता येत नाही तेव्हा वऱ्हाडातली बाई देव्हाऱ्याकडे तोंड करून, घरातल्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलते. ही त्याच रीतीची सुरुवात आहे.

मग येते आरोपांची यादी. स्त्री म्हणजे संशयाचा भोवरा, उद्धटपणाचे घर, साहसांचे नगर, कपटाची खाण. हे जुने संस्कृत आरोप ताराबाई एकेक करून घेतात आणि प्रत्येकाला विचारतात की हा गुण कोणाच्या अंगी अधिक आहे. ही रचना वादपटुत्वाची म्हणून वाखाणली जाते. मला तिच्यात भ्यालेल्या माणसाचे शहाणपणही दिसते. एकदम सगळ्यावर बोलायचे तर जीभ अडखळते. कलमवार उत्तर द्यायचे ठरवले की पुढचे पाऊल कुठे टाकायचे हे आधीच ठरलेले असते. कचेरीतल्या हेडक्लार्काच्या लेकीला फिर्याद कशी असते आणि कैफियत कशी लिहितात, याची घरातच ओळख झाली असेल असे मानायला हरकत नाही. अंधाऱ्या जिन्यात कठड्याला हात लावून उतरावे तशी ही यादी तिला धरायला होती.

तिसरा टप्पा भाषेचा. सुधारकांचे निबंध पुण्यामुंबईच्या संस्कृतप्रचुर गद्यात लिहिले जात होते तेव्हा या पुस्तकात भांडणाची बोली येते. चुलीपुढची, पाणवठ्यावरची, टोमण्याची, हातवारे करून बोलण्याची. बायको मरताच नवरा दुसरी करायला निघतो, मग नवरा मेलेल्या बाईनेच तोंड का लपवावे? तिचे केशवपन, तर बायको मेलेल्या पुरुषाने दाढीमिशा उतरवून रानात का जाऊ नये? सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली. बायकोसाठी यमाची वाट धरलेला एक तरी नवरा दाखवा. त्या काळच्या लोकप्रिय कथा-नाटकांतल्या नायिकांचीही अशीच झडती होते. 'मुक्तामाला' १८६१ ची, 'मंजुघोषा' १८६८ ची. अद्भुतरम्य नायिकांचा तो जमाना होता, आणि अशा चित्रणांना खऱ्या बाईच्या आयुष्याशी लावून पाहणारे टीकाकार विरळा होते. ज्या भाषेत आपल्याला भीती वाटत नाही तीच भाषा निवडणे, हे ताराबाईंचे सर्वांत मोठे वाङ्मयीन शहाणपण आहे. ग्रांथिक मराठीत त्या परक्या होत्या. भांडणाच्या मराठीत त्यांना कोणी हरवू शकत नव्हते.

त्याच वर्षी, १८८२ मध्येच, पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' आले. त्या बाईंचे धैर्य पुढच्या आयुष्यात दिसलेच. पण ते पुस्तक स्त्रियांना उद्देशून आहे, त्यांनी कसे शिकावे, कसे वागावे हे सांगणारे. ताराबाई बोलतात ते पुरुषांशी, तोंडावर, 'तुम्ही' म्हणून. प्रस्तावनेतला भित्रा 'मी' मजकुरात मागे सरतो आणि 'तुम्ही' पुढे येतो. भीती तिथे संपली असे मी म्हणणार नाही. तिला काम मिळाले, एवढेच.

इथे पुन्हा विजयालक्ष्मीकडे यावे लागते. सुरतच्या न्यायालयापुढे प्रश्न होता कृत्याचा: मूल मारले की नाही. वर्तमानपत्रापुढे प्रश्न होता स्वभावाचा: बायका अशाच असतात. ताराबाईंनी तिसराच प्रश्न विचारला: तिला इतकी भीती कोणी घातली? तिला फसवणारा पुरुष कुठे आहे, तो उजळ माथ्याने कसा फिरतो, आणि पुनर्विवाहाची वाट बंद करणारे हात कोणाचे? या भीतीची ओळख महाराष्ट्रात नव्हती असे नाही. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते, आणि १८७४ मध्ये एका ब्राह्मण विधवेचे मूल यशवंत हे आपले मूल म्हणून घेतले होते. फुल्यांनी त्या भीतीला निवारा दिला. ताराबाईंनी ती भीतीच पुराव्यादाखल मांडली.

हे त्यांना जमले, कारण ती भीती त्यांना घरची होती. एकाच धाकाने एका बाईच्या हातून मूल मारले गेले आणि दुसरीच्या हातून पुस्तक लिहिले गेले. समाजाच्या लेखी दोन्ही कृत्ये 'साहस'च. शीर्षकातला शब्द किती विचारपूर्वक निवडला आहे, ते इथे कळते. जिला भीती ठाऊकच नाही अशा लेखिकेला विजयालक्ष्मीची बाजू कळली नसती. तिने फार तर दया केली असती. ताराबाईंच्या पुस्तकात दया कमी आणि ओळख जास्त आहे.

म्हणून ताराबाई सगळ्या भीतींपलीकडे गेल्या असेही नाही. पतिव्रतेचा आदर्श त्या मुळापासून उपटत नाहीत. नवऱ्यांनी त्या तोलाचे व्हावे, एवढे मागतात. वेश्यांविषयी लिहिताना त्यांना त्या अवस्थेला आणणाऱ्या पुरुषांकडे बोट दाखवतात, तरी सूर कुलीन घरातलाच राहतो. मुक्ता साळवे हिने १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'तल्या निबंधात मांग-महारांचे दुःख ज्या जागेवरून मांडले, ती जागा ताराबाईंच्या वाट्याला आली नव्हती आणि त्यांनी ती शोधलीही नाही. त्यांचे धैर्य कुठे थांबले हे सांगितल्याने ते कमी होत नाही. उलट ते किती अंतर चालून आले हे मोजता येते.

पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगता येते. पुस्तकाची निंदा झाली, आणि निंदा करणाऱ्यांत आपल्या म्हणवणाऱ्या सत्यशोधक वर्तुळातले लोकही होते. १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात जोतीरावांनी ताराबाईंची बाजू घेतली, त्यांना चिरंजीविनी म्हणून गौरवले. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक नाही. पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले, तेव्हा मधली ९३ वर्षे निघून गेली होती. १९९४ मध्ये रोझलिंड ओहॅनलन यांच्या इंग्रजी अनुवादाने ते जगभर पोचले.

मालेगाव तालुक्यातल्या एका गावात बचतगटाच्या बायकांपुढे मी या पुस्तकाविषयी बोललो होतो. बोलणे संपल्यावर एका वयस्कर बाईने एवढेच विचारले, "मंग तिनं पुन्हा काऊन नाही लिवलं, भाऊ?" विद्वानांच्या चर्चासत्रात हा प्रश्न 'लेखिकेचे मौन' या नावाने येतो आणि तर्कांत हरवतो. त्या बाईच्या तोंडी तो व्यवहाराचा प्रश्न होता. बोलल्यावर काय सोसावे लागते, हे तिला ठाऊक होते आणि तिला ताराबाईंच्या बाबतीतला आकडा हवा होता.

माझे उत्तर असे आहे. प्रस्तावनेतली भीती खरी ठरली. जे होईल असे वाटले होते ते झाले. निंदा झाली, आपल्याच लोकांनी केली आणि पुस्तक बुडाले. म्हणजे ताराबाईंचा अंदाज चुकलेला नव्हता. भोळेपणाने आगीत हात घालणाऱ्या बाईचे हे पुस्तक नाही. चटका किती बसेल हे जाणून घातलेला हा हात आहे. नंतरच्या मौनावरून त्या हरल्या असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात. भिऊन गप्प राहण्याची संधी त्यांना १८८२ च्या आधीही होती, आणि ती त्यांनी घेतली नाही. माणूस आयुष्यभर धीट असावा लागत नाही. एकदा, हवे त्या वेळी, असला तरी पुरते.

'निर्भय ताराबाई' या मूर्तीवर माझा आक्षेप आहे तो यासाठी. ३ जानेवारीला आणि ८ मार्चला आमच्या शाळा-महाविद्यालयांतून या थोर स्त्रियांची भाषणे होतात. समोर बसलेल्या मुलींना आपण सांगतो की त्या रणरागिणी होत्या, भय त्यांना शिवले नव्हते. ज्या मुलीला घरी एक साधी गोष्ट सांगायची आहे, पुढे शिकायचे आहे किंवा ठरलेले लग्न नको आहे, आणि जिचा घसा कोरडा पडतो, तिने यातून काय घ्यावे? ती समजते की ही माणसे वेगळ्या मातीची होती. आपण भितो, म्हणजे आपले हे काम नव्हे. थोरांची भीती पुसून टाकली की त्यांचे धैर्यही नवशिक्यांच्या हाती लागत नाही. 'स्त्रीपुरुषतुलना' शिकवताना प्रस्तावना गाळून थेट कडाडणाऱ्या उताऱ्यांवर उडी मारू नये, असे मला म्हणूनच वाटते. आधी ते घाबरलेले शब्द वाचावेत आणि मग पान उलटावे.

पान उलटण्याआधी मुखपृष्ठाकडेही पाहावे. त्या काळी बाईने नाव लपवून लिहिले असते तर कोणी दोष दिला नसता. नुसते 'एक स्त्री' म्हटले असते तरी चालले असते. प्रस्तावनेत आपल्या पराधीनतेचा पाढा वाचणाऱ्या या बाईने ती एक सोय मात्र घेतली नाही. नऊ आणे किमतीच्या त्या पाचशे प्रतींवर ताराबाई शिंदे हे नाव छापलेले होते.